डॉक्टर, कोणता फोन घेऊ?



या ब्लॉगवर मी एरवी शुगर, बीपी, थायरॉईड, लहान मुलांचा ताप अशा गोष्टींवर लिहितो. आज विषय फोनचा आहे. "डॉक्टरांना रिकामा वेळ झालाय" असं म्हणू नका. शेवटपर्यंत वाचलंत तर हा आजाराचाच विषय आहे हे तुमच्या लक्षात येईल.

शेळगावात माझ्याकडे येणारे पेशंट तब्येतीचं सांगून झालं की उठता उठता एक प्रश्न हमखास विचारतात. "डॉक्टर, पोरगं कॉलेजला चाललंय, कोणता फोन घेऊ?" दार उघडं असतं, त्यामुळे बाहेर बाकावर बसलेल्यांत लगेच दोन पार्ट्या पडतात. एक म्हणतो, घ्यायचा तर ॲपलच. दुसरा म्हणतो, त्यात थोडी भर घातली तर म्हैस येते. तेवढ्यात कोपऱ्यातले एखादे आजोबा म्हणतात, "आमचा नोकियाच बरा होता. बॅटरी होती त्याला."

मला आजोबांचं बोलणं पटतं. फोन जुना होता म्हणून नव्हे. तो कोणासाठी बनवला होता, हे बनवणाऱ्याला माहीत होतं म्हणून.

टॉर्चवाला फोन

नोकिया ११०० हा फोन २००३ साली आला. आत धूळ जाऊ नये असा कीपॅड, घामेजल्या हातातून निसटू नये अशा बाजू, आणि वर एक टॉर्च. आपल्या भागात कृषिपंपाची लाईट बऱ्याचदा रात्री असते. मध्यरात्री उसाला दारं धरायला जाणाऱ्या माणसाला त्या टॉर्चची किंमत विचारा. हा फोन जगभरात २५ कोटींहून जास्त विकला गेला.

पुढं २००७ मध्ये आयफोन आला, २००८ मध्ये पहिला अँड्रॉइड फोन आला आणि शर्यतच बदलली. २०१३ मध्ये नोकियानं फोनचा धंदा मायक्रोसॉफ्टला विकायचं जाहीर केलं. साहेब लोकांच्या कमरेला असायचा तो ब्लॅकबेरीही मागं पडला. त्याच्या जुन्या फोनच्या सेवा ४ जानेवारी २०२२ ला बंद झाल्या. ॲपल आणि सॅमसंग तर २०११ पासून सात वर्षं कोर्टात भांडत होते.

या शर्यतीनं आपल्याला पुष्कळ दिलं. आज माझा पेशंट मुंबईतल्या भावाला व्हिडिओ कॉलवर आपली जखम दाखवतो. पण जाहिरातीत काय असतं ते बघा. कॅमेरा किती मेगापिक्सेलचा, स्क्रीन केवढी, चार्जिंग किती मिनिटांत. हा फोन तीन वर्षांनी कसा चालेल, हे कोणी मोठ्या अक्षरात सांगत नाही.

फोन म्हातारा होतो तो दोन बाजूंनी. एक म्हणजे बॅटरी. लिथियमच्या बॅटरीची ताकद प्रत्येक चार्जिंगबरोबर थोडी थोडी कमी होते. बॅटरी थकलेल्या जुन्या आयफोनचा वेग आपण कमी करत होतो, हे ॲपलनं डिसेंबर २०१७ मध्ये मान्य केलं, माफी मागितली आणि बॅटरी बदलून देण्याचा दर उतरवला. फोन अचानक बंद पडू नये म्हणून हे केलं, असं कंपनीचं म्हणणं होतं. कारण वाजवी असेलही, पण ज्याच्या खिशात तो फोन होता त्याला आधी सांगितलं नव्हतं. आमच्या धंद्यात पेशंटला न सांगता औषधाचा डोस बदलला तर त्याला काय म्हणतात, हे तुम्हाला माहीत आहे.

दुसरी बाजू सॉफ्टवेअरची. अपडेट येणं थांबलं की नवी ॲप अडखळतात आणि चोरांना शिरायला फटी राहतात. इथं मात्र स्पर्धेचा फायदा झाला. गुगलनं २०२३ मध्ये पिक्सेल ८ ला सात वर्षं अपडेट देऊ असं सांगितलं आणि जानेवारी २०२४ मध्ये सॅमसंगनंही आपल्या एस२४ ला तेवढीच वर्षं कबूल केली. शर्यत योग्य गोष्टीची असली की गिऱ्हाईक जिंकतं. पण हे महागडे फोन आहेत. स्वस्त फोन घेणाऱ्याला अजून विचारूनच घ्यावं लागतं.

संगणक विभागाशी माझं भांडण

स्वतःच्या पैशानं घेतलेला फोन निदान आपण निवडतो. नोकरीत तेही हातात नसतं.

इकडं येण्यापूर्वी मी एका मोठ्या रुग्णालयात काम करत होतो. नाव घेत नाही, कारण कुठंही नोकरी केली असेल तर हे तुमच्याही ओळखीचं निघेल. तिथं दर महिन्याला पासवर्ड बदलावा लागे. जुना चालत नसे, जुन्यासारखा दिसणाराही चालत नसे. रात्री दोन वाजता दम लागलेला पेशंट समोर, आणि संगणक म्हणतोय, तुमचा पासवर्ड संपला आहे. संगणक विभागाला फोन केला की पलीकडून उत्तर यायचं, "सर, तिकीट टाका." तिकीट टाकायला लॉगिन लागायचं, आणि लॉगिनच तर बंद होतं!

मग आम्ही काय केलं? माणसं करतात तेच. एका सिस्टरचा पासवर्ड कागदावर लिहून स्क्रीनच्या कडेला चिकटवला आणि सगळा वॉर्ड त्यावरच काम करू लागला. नियम इतका कडक केला की तो पाळणंच बंद झालं. दोन दिवसांत फरक पडत नाही म्हणून बीपीची गोळीच सोडून देणारा पेशंट आणि आम्ही, फारसा फरक नव्हता. ठरावीक दिवसांनी उगाच पासवर्ड बदलायला लावू नका, असं अमेरिकेच्या सरकारी मानक संस्थेनंच २०१७ मध्ये सांगितलं.

त्या काळात मी त्या विभागाला खूप नावं ठेवली. आज त्यातली निम्मी मागं घेतो. १२ मे २०१७ ला वॉनाक्राय नावाचा संगणकांचा साथीचा रोग आला. ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेतली कितीतरी रुग्णालयं अडकली, ऑपरेशनं आणि अपॉइंटमेंट रद्द झाल्या. त्यावरची लस म्हणजे अपडेट, मायक्रोसॉफ्टनं मार्चमध्येच दिली होती. ती टोचून घ्यायची राहिली होती. २३ नोव्हेंबर २०२२ ला दिल्लीच्या एम्सवर तसाच हल्ला झाला आणि देशातलं सगळ्यात नावाजलेलं रुग्णालय कित्येक दिवस कागद-पेनावर चाललं. तेव्हा "नाही" म्हणणारा संगणक विभाग वेडा नसतो. साथ येऊ नये म्हणून तो झटत असतो. त्याचं चुकतं ते एकाच ठिकाणी. ज्याला रात्री दोन वाजता ते यंत्र वापरायचं आहे, त्याला तो विचारत नाही.

सेविकांनी फोन परत का केले?

या न विचारण्याचं आपल्या राज्यातलं मोठं उदाहरण म्हणजे ऑगस्ट २०२१. महाराष्ट्रातल्या हजारो अंगणवाडी सेविकांनी सरकारनं दिलेले फोन कार्यालयांत नेऊन परत केले. तुम्ही बातमी वाचली असेल आणि "फुकट मिळालेला फोनही नको म्हणतात" असंही कोणी म्हणालं असेल. त्यांचं म्हणणं काय होतं ते ऐका.

त्या फोनची रॅम २ जीबी. त्यावर केंद्र सरकारचं पोषण ट्रॅकर ॲप चालवायचं. ते मार्च २०२१ मध्ये आलं. फोन तापायचे, अडकायचे, बंद पडायचे. वॉरंटी संपलेली, त्यामुळे दुरुस्तीचा खर्च तुटपुंज्या मानधनातून. ॲप इंग्रजीत आणि गावातल्या पोरांची नावंही इंग्रजीत भरायची. ज्या बाईनं पंचवीस वर्षं मराठीत सुबक रजिस्टर लिहिलं, तिला एका दिवसात अडाणी ठरवलं गेलं. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेलं.

त्या फोनमध्ये भरायचं काय होतं? गावातल्या प्रत्येक बाळाचं वजन आणि उंची. आता हा आजाराचा विषय कसा, ते सांगतो.

वहीतले दोन आकडे

मागच्या एका हंगामातली गोष्ट आहे. ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदलले आहेत.

उसाच्या टोळीतली एक आई चौदा महिन्यांची मुलगी घेऊन आली. तीन दिवस जुलाब. वजन भरलं ६.८ किलो, दंडाचा घेर ११.७ सेंमी. मूल बारीक होतं, पण खेळत होतं, पाणी पीत होतं. मी जलसंजीवनी आणि झिंक लिहून देत होतो, "दोन दिवसांनी या" म्हणणार होतो. आई म्हणाली, "पहिल्यापासून अशीच हाय ती."

तेवढ्यात अंगणवाडीच्या ताई आल्या. कोप्यांवरून कळलं म्हणून मागोमाग निघाल्या होत्या. मी विचारलं, "ताई, हिचं आधीचं वजन आहे का?"

"फोन दुरुस्तीला टाकलाय सर, पण वहीत हाय."

त्यांनी पिशवीतून वही काढली. सहा आठवड्यांपूर्वी वजन ७.४ किलो, दंड १२.६ सेंमी.

बघा, आजचा आकडा एकटा असता तर मी त्याला "बारीक मूल" म्हटलं असतं. दोन आकडे शेजारी आले आणि कळलं की हे मूल घसरतंय. या वयात सहा आठवड्यांत वजन वाढायला हवं, इथं ६०० ग्रॅम कमी झालं होतं. जुलाब तीन दिवसांचे, पण उपासमार त्याच्या आधीची होती. आई पहाटे फडात जायची आणि मूल आठ वर्षांच्या बहिणीकडे असायचं. मी चिठ्ठी बदलली आणि मुलीला सरकारी रुग्णालयात ॲडमिट करायला लावलं. अडीच आठवड्यांनी ताई तिला घेऊन आल्या तेव्हा काटा ७.३ वर होता.

त्या दिवशी मुलीला वाचवलं ते दोन रुपयांच्या पेनानं, असं म्हणायचा मोह होतो. पण मी फोनच्या विरोधात नाही. तोच आकडा चांगल्या फोनमध्ये असता, तर टोळी पुढच्या गावाला गेल्यावर तिथल्या सेविकेलाही दिसला असता. वही गाव सोडून जात नाही. म्हणून तर फोन हवा. पण चालणारा हवा, आणि ज्याच्या हातात द्यायचा त्याला विचारून दिलेला हवा.

आम्ही औषध लिहिताना विचारतो, गोळी गिळता येते का, परवडते का, दिवसातून तीनदा आठवण राहील का. न विचारता लिहिलेलं भारी औषधही उशाखाली पडून राहतं, आणि मग आम्ही म्हणतो, पेशंट ऐकत नाही. फोनचंही तसंच आहे. बंद पडला की दोष वापरणाऱ्याचा.

मग तुम्ही काय करायचं?

१. बाळाचं माता व बालसंरक्षण कार्ड जपून ठेवा आणि प्रत्येक वजनानंतर त्याचा फोटो काढून घरातल्या दोन फोनवर ठेवा. बाहेरगावी जाताना कार्ड सोबत न्या.

२. सेविकेनं मोजल्यावर आकडा विचारा. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाच्या दंडाचा घेर १२.५ सेंमीपेक्षा कमी असेल तर डॉक्टरांना दाखवा. ११.५ पेक्षा कमी असेल तर त्याच दिवशी दाखवा. आणि मागच्या वेळेपेक्षा वजन घटलं असेल तर आकडा कितीही असो, विचारा.

३. बीपी-शुगरच्या पेशंटनी जुने रिपोर्ट कागदावरही ठेवावेत. "तुमच्या कॉम्प्युटरमध्ये असेल की" यावर विसंबू नका. एम्सचाही बंद पडला होता.

४. डॉक्टर किंवा सिस्टर स्क्रीनकडे बघत असतील तर संकोच न करता सांगा, "साहेब, मला अमुक गोळीची ॲलर्जी आहे." यंत्राशी झटापट चालू असताना माणूस विसरतो. मीही विसरलो आहे.

५. फोन घेताना दुकानदाराला तीन प्रश्न विचारा. सुरक्षेची अपडेट किती वर्षं येणार? बॅटरी बदलायला किती पैसे लागतील? सर्व्हिस सेंटर बारामतीत आहे की पुण्याला जावं लागेल? उत्तर देताना तो कॅमेऱ्याकडे वळला तर दुसरं दुकान बघा.

६. आणि तुम्ही शाळा, पतसंस्था, कारखाना, ग्रामपंचायत अशा ठिकाणी खरेदीचा निर्णय घेत असाल तर शंभर घेण्याआधी एक घ्या. ज्याला वापरायचा आहे त्याच्या हातात आठ दिवस द्या आणि मग त्याला विचारा.

पोराला कोणता फोन घेऊ, या प्रश्नाचं उत्तर या लेखात नाही, हे तुमच्या लक्षात आलं असेल. ते पोराला विचारा. पण घरात लहान मूल असेल तर पुढच्या वेळी दवाखान्यात येताना त्याचं कार्ड घेऊन या. फोन नंतर बघू, आधी वजन बघू.