चाळीस मिनिटांतला मेंढपाळाचा दिवस

दिवाळी सरली की जुन्नर-आंबेगावच्या मोकळ्या शेतांत मेंढरांचे वाडे बसू लागतात. शेताला खत मिळते, मेंढरांना चारा. पहाटे कोकरांचा ओरडा, दिवसभराची पायपीट, तिन्हीसांजेला पुन्हा वाडा, आणि रात्री बिबट्याच्या धास्तीने अर्धवट झोप. या दिनक्रमावर कुणी अख्खी ध्वनिमुद्रिका बेतली असेल, हे इथे चटकन पटणार नाही. ती बेतली गेली. मात्र तिच्यातला मेंढपाळ काश्मीरचा आहे, आणि त्याच्या रात्रीत बिबट्या येत नाही.

१९६७ साली एचएमव्हीने काढलेली ही ध्वनिमुद्रिका म्हणजे ‘कॉल ऑफ द व्हॅली’. संतूरवर शिवकुमार शर्मा, बासरीवर हरिप्रसाद चौरसिया, गिटारवर ब्रिजभूषण काब्रा. तबल्याला माणिकराव पोपटकर. पहिले तिघे तिशीच्या आसपासचे, आणि तिघांची वाद्ये थोडी उपरीच. बासरीला मैफलीत मानाचे स्थान मिळाले ते पन्नालाल घोष यांच्यामुळे, म्हणजे अगदी अलीकडे. संतूरवर मींड निघत नाही, ही जाणकारांची तक्रार होतीच. आणि गिटार तर परदेशी. ती मांडीवर आडवी घेऊन काब्रांनी अली अकबर खाँ यांची तालीम तिच्यात उतरवली होती.

निर्माते होते जी. एन. जोशी. ना. घ. देशपांडे यांची ‘शीळ’ गाऊन १९३०च्या दशकात मराठी भावगीताची वाट रुळवणारे तेच हे जोशी. त्या काळी तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन मिनिटे मिळत. लाँग प्लेने ती वीसेक केली. रूढ रीत अशी, की एवढी जागा मिळाली म्हणजे एक बुजुर्ग कलावंत आणि एक-दोन राग. इथे तीन तरुणांना मिळून एक गोष्ट सांगायची होती: मेंढपाळाचा दिवस, त्याचे प्रेम, त्याची रात्र. शब्द लागलेच नाहीत. अहीर भैरव आणि नट भैरवाने उजाडते, पिलूत दुपार कलते, भूपात सांज येते, देसमध्ये रात्र, आणि शेवटी पहाडी. रागांची वेळ मुळात ठरलेली. ती ओळीने मांडली की कथानक आपोआप उभे राहते.

त्याच वर्षी लंडनमध्ये मूडी ब्लूज या बँडने ‘डेज ऑफ फ्यूचर पास्ड’ केली. तीही पहाटेपासून रात्रीपर्यंतचा एकच दिवस. प्रोग्रेसिव्ह रॉकच्या इतिहासात तिचे नाव अगदी आरंभी येते. पण गाण्यांचे तुकडे सांधायला त्यांना पीटर नाइटचा वाद्यवृंद आणि बोललेली कविता लागली. इथे कुणी कुणाचे घेतले, हा प्रश्नच नाही. तरीही एका संकल्पनेभोवती गुंफलेल्या अल्बमचा इतिहास सांगताना एक ध्वनिमुद्रिका ‘रॉक’च्या कपाटात आणि दुसरी ‘पौर्वात्य’ कपाटात का जाते, हे विचारायला हवे. विशेषतः जॉर्ज हॅरिसनसारखे श्रोते दोन्ही कपाटे उघडत असताना.

मुंबईच्या बाजूनेही एक हिशेब उरतोच. मेंढपाळाची गोष्ट सांगताना मेंढपाळाचे संगीत कुणाच्या मनात आले नाही. ‘सुंबरान मांडलं’ की धनगर रात्र रात्र ओव्या गातात. थोडे गायचे, मग तीच कथा गद्यात सांगायची, पुन्हा गायचे. बिरोबाची गोष्ट अशी उजाडेपर्यंत चालते. दीर्घ, सलग, एका सूत्राची रचना हवी असेल, तर ती घाटमाथ्यावर तयारच होती. फक्त वीस मिनिटांच्या बाजूत ती मावणारी नव्हती.

तिच्याकडे वळले ते गुंथर सोन्थायमर नावाचे जर्मन अभ्यासक. टेपरेकॉर्डर घेऊन ते धनगरांच्या वाड्यांवर बसत आणि ओव्या टिपून घेत. त्यातून बिरोबा, म्हस्कोबा आणि खंडोबावरचा त्यांचा ग्रंथ १९७६ साली निघाला, तोही जर्मन भाषेत.