एका दुकानाचें नाणें

आहेर ही परतफेडीची उधारी होय, असें कोणी म्हटलें तर आमच्या घरांतील वडील मंडळी रागावत असे. परंतु लग्नांतील आहेराची यादी ती ज्या काळजीनें जपून ठेवी, ती पाहतां त्या म्हणण्यांत कांहीं तथ्य असावें. तें कसेंही असो. पाकिटांत घातलेला रुपया कोणत्या दुकानीं मोडावा, हें सर्वस्वीं घेणाऱ्याच्या खुषीवर असे. हल्लीं त्या रुपयाच्या जागीं गिफ्ट कार्ड आलें आहे.

परांडा तालुक्यांतील सोनारी हें आमचें आजोळ. काळभैरवनाथाचें देऊळ आणि तेथील माकडें यांकरितां प्रसिद्ध असलेल्या या गांवीं आम्ही मध्यंतरीं गेलों असतां आमच्या वृद्ध मामींनीं ट्रंकेंतून एक चकचकीत कार्ड काढून आमच्यापुढें ठेविलें. नातवानें पुण्याहून आणलेलें, दोन हजार रुपयांचें. "तू कालेजात शिकवतोस, सांग बघू, ह्याचं लुगडं कुठं मिळंल?" त्या दुकानाची शाखा परांड्यास नाहीं, बार्शीसही नाहीं, आणि मुदतीचे दोनच महिने उरलेले. पुण्याहून लुगडें आणून देण्याचें आम्हीं कबूल केलें, तेव्हां त्या म्हणाल्या, "आणशील रे. पण पोत हाताला लागल्याबिगर लुगडं घ्यायचं कसं?"

या मुलखास असलें अडलेलें नाणें अगदींच नवें नाहीं. 1948 पर्यंत परांडा निजामाच्या राज्यांत होता. तेथें हाली शिक्का चाले. शेजारची बार्शी इंग्रजी अमलांत, तेथें कलदार. सात हाली रुपयांस सुमारें सहा कलदार, असा भाव असे. पण हाली रुपया निदान सराफाकडे बदलून तरी मिळे, आणि त्याचें राज्य विस्तीर्ण होतें. गिफ्ट कार्डाचें राज्य एका दुकानाच्या उंबरठ्याशीं संपतें.

कायदा या बाबतींत अगदींच मुका आहे असें नव्हे. बँका व परवानाधारक संस्था यांच्या गिफ्ट कार्डांस रिझर्व्ह बँकेनें 2021 सालीं नियम घालून दिले: रक्कम 10,000 रुपयांहून अधिक नसावी, पुन्हां भरणा होऊं नये, रोख मिळूं नये, मुदत किमान एक वर्षाची असावी, आणि धारकानें मागितल्यास ती वाढवून द्यावी. परंतु जें कार्ड दुकानदार केवळ स्वतःच्याच मालासाठीं काढतो, त्यास रिझर्व्ह बँकेची परवानगी लागत नाहीं. मामींचें कार्ड या दुसऱ्या जातीचें.

आतां दुकानदाराची वही पाहूं. कार्ड विकलें म्हणजे विक्री झाली, असें नव्हे. तें देणें होय. माल दिला कीं मग उत्पन्न. 1 एप्रिल 2018 पासून मोठ्या कंपन्यांस लागू झालेल्या हिशेबी मानकानें (इंड-एएस 115) आणखी एक गोष्ट सांगितली आहे. समजा, एक लाखाचीं कार्डें विकलीं आणि पूर्वानुभवावरून दहा हजार कधींच परत येणार नाहींत असा भरंवशाचा अंदाज आहे. तर नव्वदांपैकीं पंचेचाळीस हजारांचा माल जातांच, न येणाऱ्या दहांपैकींही पांच हजार उत्पन्नांत धरावयाचे. वस्तु व सेवा कराच्या खात्यानेंही 31 डिसेंबर 2024 च्या परिपत्रकानें सांगितलें कीं, अशा न वटलेल्या रकमेवर कर नाहीं. कारण माल कोणासच दिला गेला नाहीं.

हिशेब म्हणून हें निर्दोष आहे. तथापि विसराळू, वृद्ध आणि दूर खेड्यांत राहणारीं माणसें किती, याचा अंदाज वहींत आधींच बांधलेला असतो, हें मनास लागतें. मामी लुगड्याचा रंग ठरवीत होत्या, त्याच वेळीं कदाचित् त्या दहा हजारांत त्यांची गणना होऊन गेली असेल. ही चोरी नव्हे. परंतु देणाऱ्याचे पैसे गेले, घेणाऱ्यास कांहीं मिळालें नाहीं, आणि ज्यानें कांहींच दिलें नाहीं त्याची मिळकत वाढली, अशा व्यवहारास आहेर म्हणावयास आमची जीभ वळत नाहीं.

म्हणून कार्ड देणाऱ्यानें त्यावरील रकमेपूर्वीं दोन गोष्टी वाचाव्या: त्याची मुदत, आणि घेणाऱ्याचें गांव. गांव सोनारीसारखें असेल, तर बार्शीच्या बाजारांत चालणारी साधी नोटच बरी.