साडेनऊ वाजेपर्यंत, व्हाया पारोळा

वीकएण्डला कुठे, असं विचारलं तर आपल्या ऑफिसात कुणी जळगाव-धुळे म्हणत नाही. मी म्हटलं आणि निघालो. जळगावला वांग्याचं भरीत आणि कळण्याची भाकरी हाणली. (ट्रिपचे निम्मे पैसे तिथेच वसूल!) सकाळी धुळ्याची एसटी. पाळधी, एरंडोल, पारोळा, मुकटी. खिडकीबाहेर आधी केळी, मग कपाशी.

धुळ्यात आग्रा रोडला मित्राकडे उतरलो. साधा नोकरदार माणूस. पण 2022च्या त्या पंधरा दिवसांत त्याच्या वहीत युक्रेनमध्ये अडकलेल्या मुलांची नावं होती. 24 फेब्रुवारीला युद्ध सुरू झालं, विमानं बंद झाली. ‘ऑपरेशन गंगा’तून पुढे सुमारे 22,500 भारतीय परतले, हे आपण टीव्हीवर पाहिलं. दूतावासाचं पत्रक इंग्रजीत यायचं. ते गावातल्या माऊलीपर्यंत कोण नेणार? हा आणि याच्यासारखे चार-पाच जण.

2 मार्चला खारकीव्हमधल्या भारतीयांसाठी सूचना आली. शहर ताबडतोब सोडा. पेसोचिन, बाबाये नाहीतर बेझल्युदोव्का गाठा, सहाच्या आत. थोड्याच वेळात दुसरी आली. वाहन, ट्रेन मिळत नसेल तर चालत निघा. अंतरं 11, 12 आणि 16 किलोमीटर. आदल्याच दिवशी तिथे एक भारतीय विद्यार्थी गोळाबारात गेला होता.

इथल्या घड्याळात सहा वाजले आणि घरोघरी धीर सुटला. पोराचा फोन लागत नाही, म्हणजे संपलंच! याने एकेका घरी फोन लावला. ‘‘काकू, तिकडचे सहा म्हणजे आपले साडेनऊ. अजून वेळ आहे.’’ पलीकडून एकच प्रश्न, ‘‘मना पोऱ्या कोठे शे?’’ त्याचं उत्तर त्याच्याकडे नव्हतं. त्याने तसंच सांगितलं, ‘‘माहीत नाही. कळलं की पहिला फोन तुम्हाला.’’

मला वाटलं होतं, या कामात स्पीड महत्त्वाचा. तो म्हणाला, छे! निम्मा वेळ खोट्या बातम्या थांबवण्यात जायचा. अमुक बॉर्डर उघडली, तमुक ठिकाणी बस उभी आहे. म्हणून वहीत प्रत्येक निरोपासमोर दोन गोष्टी : कुणी सांगितलं आणि वेळ कुठल्या देशाची.

मृत्यूची बातमी मात्र आपण द्यायची नाही, हा त्यांचा नियम. जून 2024मध्ये रशियात वेलिकी नोवगोरोदला व्होल्खोव नदीत चार भारतीय विद्यार्थी बुडाले. त्यांत जळगाव जिल्ह्यातली मुलं होती. तो विषय निघाल्यावर आम्ही दोघं बराच वेळ गप्पच होतो.

निघताना त्याने सहज विचारलं, ‘‘तुझ्या ऑफिसातले किती जण बाहेर आहेत? त्यांच्या घरचे नंबर आहेत तुझ्याकडे?’’

सहा जण. नंबर एकाचाही नाही. परतीच्या एसटीत मेसेज टाकायला सुरुवात केली. पारोळा येईपर्यंत दोन आले.