डाला वाढला, केबिन तेवढीच

नागपुरात पिकअप घ्यायला आलेला माणूस शोरूममध्ये पहिला प्रश्न डाल्याचा विचारतो. किती फुटी? इंजिन, मायलेज, हप्ता हे सगळं त्यानंतर. गाडी संत्र्यासाठी असो, सिमेंटसाठी असो की मंडप-डेकोरेशनसाठी, कमाई मागच्या बाजूला होते हे त्याला पक्कं ठाऊक असतं. वाडीला माझं लोडबॉडी बांधायचं काम आहे. कंपनीकडून नुसती केबिन आणि चेसिस येते, धंद्यात तिला ‘सीबीसी’ म्हणतात. मागचा डाला आम्ही बांधतो. तीसेक वर्षं गाड्यांना टेप लावतो आहे. या काळात डाल्याची लांबी-रुंदी वाढली, पाटे वाढले, टायर वाढले, गाडीचं तोंड रुंद आणि उभट झालं. एकच माप जवळपास जागच्या जागी राहिलं, ते म्हणजे ड्रायव्हर बसतो ती जागा. मला त्याबद्दलच लिहायचं आहे, पण आधी बाकीची मापं सांगायला हवीत.

सुरुवात महिंद्राच्या एफसी-१५० पासून करतो. जीपवाल्यांनी ही गाडी १९५६ साली अमेरिकेत काढली, ब्रुक्स स्टीव्हन्स या नामवंत डिझायनरने तिला रूप दिलं आणि साठीच्या दशकाच्या मध्यात ती महिंद्राकडून आपल्याकडे आली. पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर, म्हणजे व्हीलबेस, साध्या जीपएवढाच ८१ इंच. एवढ्यात मोठा डाला बसवायचा तर जागा काढायची कुठून? त्यांनी बोनेटच काढून टाकलं. इंजिन केबिनमध्ये घेतलं, ड्रायव्हरला पुढच्या चाकावर नेऊन बसवलं आणि मागे ७४ इंचांचा डाला मोकळा केला. अख्खी गाडी पावणेचार मीटरची, त्यातली निम्मी मालासाठी. पत्र्याचं काम करणाऱ्या माणसाला अशी गाडी बघून आजही आनंद होतो, कारण तिच्यात वाया गेलेला एक इंच सापडत नाही.

आता २००५ च्या मे महिन्यात आलेली टाटा एस घ्या, जिला सगळं नागपूर छोटा हाथी म्हणतं. पुण्यात गिरीश वाघ यांच्या चमूने ती घडवली. दोन सिलिंडर, ७०२ सीसी, १६ अश्वशक्ती. व्हीलबेस २१०० मिलिमीटर, लांबी ३.८ मीटर, डाला सात फुटांहून थोडा जास्त, इंजिन सीटखाली. ही मापं एफसीच्या मापांशेजारी मांडली की मला दरवेळी नवल वाटतं. मधे चाळीस वर्षं गेली, कारखाना वेगळा, माणसं वेगळी, आणि आकडे जवळजवळ तेच. कारण मस्कासाथ, इतवारी, गांधीबागच्या गल्ल्या त्या चाळीस वर्षांत रुंद झाल्या नाहीत. ४.३ मीटरच्या त्रिज्येत वळणारी गाडी तिथे थेट दुकानाच्या पायरीपर्यंत जाते. मेटाडोर आणि १९८६ साली आलेली ४०७ ज्या कोपऱ्यावर थांबायची आणि तिथून पुढे हातगाडी लागायची, तो कोपरा एसने ओलांडला.

बोनेटवाल्या पिकअपची वाट निराळी. टेल्कोने १९८८ मध्ये टाटामोबाइल २०६ आणली. तिच्याच पायावर पुढे सिएरा आणि इस्टेट या मोटारी उभ्या राहिल्या, म्हणजे आपल्याकडे मालगाडी आधी आणि मोटार नंतर, असा उलटा क्रम घडला. मग २०७ आली. बोलेरो मोटार २००० साली आली आणि तिच्याच तोंडाची पिकअप ग्रामीण विदर्भाने उचलून धरली. काटोल, नरखेड, वरुडच्या संत्रापट्ट्यात आज कुठल्याही बांधावर उभी दिसणारी गाडी बहुधा तीच. बोनेटचा हट्ट नुसत्या दिसण्यासाठी होता असं मला वाटत नाही. मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो अशा गावात इंजिनावर बसून दिवस काढणं काय असतं ते ड्रायव्हरला विचारा. शिवाय समोरून ठोकर बसली तर पायांच्या आधी काहीतरी लोखंड आहे, एवढा भरवसा बोनेट देतं.

खरा बदल मात्र डाल्याच्या फ्लोअरमध्ये झाला, आणि त्याकडे कोणी फारसं पाहत नाही. पूर्वी डाला मागच्या दोन चाकांच्या मधे खाली बसलेला असे. त्यामुळे चाकांवरचे पत्र्याचे उंचवटे आत यायचे आणि कॅरेटची रांग नेमकी तिथे मोडायची. मग सपाट डाला आला. फ्लोअर उचलून चाकांच्या वर घेतला आणि पूर्ण रुंदी मोकळी झाली, बोलेरोत ती १७०० मिलिमीटर मिळते. मालकाची सोय झाली, हमालाचं काम वाढलं. मांडीजवळ असलेला फ्लोअर कमरेपर्यंत आला, आणि फाळका बंद असेल तर वीस-बावीस किलोचं कॅरेट छातीच्या वर उचलावं लागतं. म्हणून मी तिन्ही बाजूंचे फाळके खाली पडणारे करतो. बिजागऱ्या जास्त लागतात, कोपऱ्याचे खांब जाड घ्यावे लागतात, मजुरी वाढते. गिऱ्हाईक कुरकुर करतं. पण कळमन्याच्या यार्डात आंबिया बहाराची आवक सुरू झाली की दिवसभर गाड्या रिकाम्या करणाऱ्या माणसाच्या कमरेचा हिशेब कुणीतरी करायलाच हवा.

बांधणीतली आणखी एक गोष्ट. डाला चेसिसला भोकं पाडून बसवायचा नसतो. भोक पडलं की भाराखाली तडा तिथूनच सुरू होतो. चेसिसवर पट्टी ठेवून यू-बोल्टने आवळायचा असतो. आणि मागे किती बाहेर काढायचा यालाही मर्यादा आहे. मागच्या चाकाच्या मागे लोंबणारा भाग व्हीलबेसच्या ६० टक्क्यांहून जास्त चालत नाही, तसा केंद्रीय मोटार वाहन नियमच आहे. तरी ‘अजून एक फूट काढून द्या, वरून एक पाटा वाढवा’ असं म्हणणारे येतात. पाटा वाढवल्याने गाडी बसत नाही हे खरं, पण ब्रेक, ॲक्सल आणि स्टिअरिंग तेवढंच राहतं. मागे भार गेला की पुढची चाकं हलकी होतात आणि वळणावर गाडी ऐकत नाही. असं काम मी घेत नाही.

गाड्या वाढल्या त्या मात्र कायद्याच्या रेषेपर्यंतच. मालासह एकूण वजन ३००० किलोच्या आत असेल तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ६६ प्रमाणे मालवाहतुकीचा परमिट लागत नाही. दुसरी रेषा ३५०० किलोची, तिथपर्यंत गाडी एन-१ या हलक्या वर्गात मोजली जाते. म्हणून कंपन्यांच्या पत्रकात २९९० आणि ३४९० असे आकडे सापडतात. या रेषांच्या आत राहून जास्तीत जास्त माल कसा बसवायचा, ही पिकअपची खरी स्पर्धा आहे. टनभर नेणारी गाडी सव्वा टनाची झाली, दीडची झाली, आणि २०२२-२३ पर्यंत टाटा योद्धा आणि बोलेरो मॅक्स दोन टनांवर पोचल्या. डाला ३०५० मिलिमीटर, म्हणजे दहा फुटांपर्यंत गेला.

तोंडं बदलली त्याचं कारण थोडं वेगळं. समोरचे लोखंडी गार्ड केंद्राने २०१७ च्या डिसेंबरमध्ये बेकायदा ठरवले आणि ते योग्यच झालं. पायी चालणाऱ्याला तो गार्ड जीवघेणा होता. पण गार्ड गेला आणि कंपनीच्या जाळीनेच त्याचं रूप घेतलं: रुंद काळी जाळी, उभं कपाळ, जाड बंपर. अमेरिकेत विमा कंपन्यांच्या महामार्ग सुरक्षा संस्थेने २०२३ मध्ये अपघात तपासले. बोनेटची कड १०२ सेंटिमीटरहून उंच असलेल्या गाड्यांच्या धडकेत पादचारी दगावण्याची शक्यता, ७६ सेंटिमीटरपर्यंतच्या उतरत्या बोनेटच्या गाड्यांपेक्षा सुमारे ४५ टक्के जास्त निघाली. आपल्या रस्त्यांवर पायी चालणारे त्यांच्याहून कितीतरी जास्त. उभं तोंड मर्दानी दिसतं म्हणून विकलं जातं, हे मला पटत नाही.

अमेरिकेचा विषय निघालाच आहे तर तिथली उलटी गोष्टही सांगतो. फोर्डने १९२५ मध्ये मॉडेल टीला छोटा डाला लावून कारखान्यातून पिकअप विकली ती शेतकऱ्यासाठी. पुढे त्यांच्या एफ-१५० मध्ये लांबीचा दोन तृतीयांश भाग डाल्याचा असे, एक तृतीयांश केबिनचा. आज ते प्रमाण बरोबर पालटलं आहे. कुटुंब बसतं पुढे, मागे उरतो तो डाला बहुतेक वेळ रिकामा. आपल्याकडे २०१६ ची इसुझू व्ही-क्रॉस आणि २०२२ ची टोयोटा हायलक्स त्या घराण्यातल्या. हायलक्स ५.३ मीटर लांब, डाला जेमतेम दीड मीटर. छोटा हाथी ३.८ मीटर, डाला २.१ मीटर. तिकडे केबिनने डाला खाल्ला; इथे डाला वाढत गेला आणि केबिनच्या वाट्याला काही आलं नाही.

ही केबिन जवळून पाहा. पाठीमागची भिंत सीटला चिकटलेली, त्यामुळे पाठ मागे झुकत नाही. दोघांच्या जागेत बरेचदा तिघे. पूर्वी हे चालून जायचं, कारण पिकअप म्हणजे गाव ते बाजार, पन्नास-साठ किलोमीटरचा फेरा. आता तसं राहिलं नाही. नागपूर-शिर्डी टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये खुला झाला, २०२५ च्या जूनमध्ये ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग पूर्ण झाला आणि संत्रा घेऊन पिकअप थेट मुंबईकडे निघू लागली. मालगाडीला तिथे ताशी ८० ची मर्यादा. म्हणजे न थांबता गेलं तरी नऊ तास त्या सरळ पाठीवर, आणि झोप आलीच तर रिकाम्या डाल्यात ताडपत्रीवर.

ट्रकच्या केबिनला एसी सक्तीचा करण्याचा निर्णय केंद्राच्या रस्ते वाहतूक खात्याने घेतला. त्या खात्याचे मंत्री नितीन गडकरी आमच्या नागपूरचेच खासदार, त्यामुळे इथे त्याचं विशेष कौतुक झालं, आणि निर्णय कौतुकाचाच होता. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या एन-२ आणि एन-३ वर्गाच्या गाड्यांना तो लागू आहे. पण एन-२ सुरू होतो ३५०० किलोच्या वर. ३४९० ची पिकअप दहा किलोंनी त्यातून सुटते आणि तिचा ड्रायव्हर त्याच उन्हात राहतो. काही मॉडेलांत आता एसी मिळतो, पण तो घ्यायचा की नाही हे मालकावर आहे.

‘केबिन वाढवली तर डाला कमी होईल’, हे मालकांचं आणि विक्रेत्यांचं ठरलेलं उत्तर. मी त्यावर टेप लावून दाखवतो. संत्र्याचं नेहमीचं कॅरेट ५४ बाय ३६ सेंटिमीटर. १७० सेंटिमीटर रुंदीत लांबीने तीन बसतात. ३०५ सेंटिमीटर लांबीत ३६ च्या आठ रांगा, म्हणजे २८८. चार थर लावले की ९६ कॅरेट, दोन टनांच्या आसपास. मागे १७ सेंटिमीटर उरतात, तिथे नववी रांग बसूच शकत नाही. हे १७ सेंटिमीटर केबिनला दिले तर सीटची पाठ मागे झुकेल आणि एकही कॅरेट कमी होणार नाही.

डाल्याच्या बाजूने हे आम्ही करू शकत नाही, केबिन कंपनीच्या कारखान्यातूनच तशी यायला हवी. आम्ही तिला हात लावला तर पासिंग होत नाही. कंपन्या ऐकतात गिऱ्हाइकाचं. म्हणून मालकांना माझं सांगणं एवढंच: दिवाळीच्या मुहूर्तावर गाडी बुक करायला जाल तेव्हा ड्रायव्हरला सोबत न्या, त्याला अर्धा तास त्या सीटवर बसू द्या, आणि डाला किती फुटी हे विचारण्याआधी सीटची पाठ किती झुकते ते विचारा.