होप स्ट्रीटची दोन टोकं

आधी एक कोडं. इंग्लंडमध्ये लिव्हरपूलला होप स्ट्रीट नावाचा रस्ता आहे. त्याच्या एका टोकाजवळ लालसर दगडाचं, टोकदार कमानींचं अवाढव्य गॉथिक कॅथेड्रल. दुसऱ्या टोकाला काँक्रीटचा गोल तंबू, त्यावर रंगीत काचांचा मनोरा आणि वर काट्यांच्या मुकुटासारखे सुळके. यातलं आधी पूर्ण झालेलं कुठलं?

उत्तर : तंबू! तो १९६७ चा. गॉथिकवालं पूर्ण व्हायला १९७८ उजाडलं.

गंमत इथेच संपत नाही. गॉथिक कॅथेड्रल अँग्लिकन पंथाचं, पण त्याचा आर्किटेक्ट जाइल्स गिल्बर्ट स्कॉट स्वतः कॅथलिक. १९०३ मध्ये त्याचा आराखडा निवडला गेला तेव्हा तो अवघा बावीस वर्षांचा होता. १९०४ ला काम सुरू झालं, १९६० ला स्कॉट गेला, आणि त्यानंतर अठरा वर्षांनी इमारत पुरी झाली. (लंडनचा तो फेमस लाल टेलिफोन बूथ आहे ना, तोही याच माणसाचा.)

आता तंबूकडे वळू. इथल्या कॅथलिकांनाही आधी भव्यच काहीतरी हवं होतं. त्यांनी लट्यन्सला गाठलं. हो, तोच, आपल्या नवी दिल्लीवाला. त्याने रोमच्या सेंट पीटर्सपेक्षा मोठा घुमट कागदावर काढला. १९३३ मध्ये कोनशिला बसली. मग युद्ध आलं आणि काम थांबलं. १९५३ पर्यंत खर्चाचा अंदाज २ कोटी ७० लाख पौंडांवर गेला होता. प्रोजेक्ट गुंडाळला. हातात राहिलं फक्त तळघर.

मग १९५९ मध्ये आर्चबिशप हीनन यांनी नवी स्पर्धा जाहीर केली. आपल्या भाषेत सांगायचं तर बजेट फिक्स, डेडलाइन फिक्स : मुख्य बांधकाम दहा लाख पौंडांत आणि पाच वर्षांत. पण खरी रिक्वायरमेंट वेगळीच होती. आत आलेल्या प्रत्येकाचं लक्ष वेदीकडे जायला हवं आणि लोक तिच्या जवळ बसायला हवेत. कमानी हव्यात की खांब, शैली कुठली, यापेक्षा हे महत्त्वाचं. सुमारे तीनशे आराखडे आले. निवड झाली फ्रेडरिक गिबर्डची.

प्रोजेक्टच्या निमित्ताने काही महिने त्या भागात होतो, तेव्हा एका रविवारी ऑफिसातल्या वसईच्या मित्राबरोबर तिथे गेलो. तो मिस्सासाठी, मी बघायला. आत पाऊल टाकलं की पहिल्यांदा वेदीच दिसते. बरोबर मधोमध, पांढऱ्या संगमरवराची, अगदी साधी. वर काचेच्या मनोऱ्यातून पिवळा, निळा, लाल उजेड झिरपत असतो. भोवती गोलाकार बाकं. इंजिनिअरची खोड म्हणून हिशेब केला : वर्तुळाचा व्यास ५९ मीटर, म्हणजे अगदी शेवटच्या रांगेतला माणूसही वेदीपासून तीस मीटरच्या आत. होप स्ट्रीटच्या दुसऱ्या टोकाचं कॅथेड्रल जवळजवळ १९० मीटर लांब आहे!

बाहेर पडल्यावर मित्र त्याच्या आजीबद्दल बोलायला लागला. तिच्या तरुणपणी वसईत मिस्सा लॅटिनमध्ये व्हायचा. फादरांचं तोंड वेदीकडे, पाठ लोकांकडे. ते काय म्हणतायत ते कळायचं नाही, म्हणून बायका आपापली रोजरी म्हणत बसायच्या आणि घंटा वाजली की माना खाली घालायच्या. मग दुसरी व्हॅटिकन परिषद झाली. १९६३ च्या डिसेंबरात उपासनेबद्दलचा दस्तऐवज आला : लोकांनी नुसतं हजर राहू नये, मनापासून सहभागी व्हावं. त्यातूनच पुढे वसईत मिस्सा मराठीत सुरू झाला. फादर लोकांकडे तोंड करून उभे राहायला लागले.

"आजीला आवडलं असेल ना?" मी विचारलं.

"छे रे! पहिली काही वर्षं ती म्हणायची, यात देवळासारखं काही राहिलंच नाही. पण मरेपर्यंत मराठी प्रार्थना सगळ्यात मोठ्या आवाजात तीच म्हणायची."

गिबर्डच्या आराखड्याची निवड झाली १९६० मध्ये, म्हणजे परिषद भरण्याच्याही दोन वर्षं आधी. लोकांना वेदीभोवती आणायचा विचार चर्चमध्ये कित्येक वर्षं घोळत होताच. आजीच्या चर्चमध्ये भाषा बदलली, इथे भिंतीच वेगळ्या बांधल्या.

मग परंपरेचं काय? आपल्या डोक्यात चर्च म्हटलं की गॉथिक येतं. पण बाराव्या शतकात पॅरिसजवळच्या सॅं-दनी मठात ते आलं तेव्हा ते एकदम मॉडर्न होतं. पुढे इटालियन लोकांनी 'गॉथिक' हा शब्द चक्क शिवी म्हणून वापरला, रानटी गॉथ लोकांचं या अर्थाने. त्याच्याही आधी, चौथ्या शतकात, ख्रिस्ती लोकांनी पहिली मोठी चर्चेस बांधली ती रोमन बॅसिलिकाच्या नमुन्यावर. बॅसिलिका म्हणजे काय, तर कोर्टकचेरी आणि व्यापारउदीम चालायचा तो सार्वजनिक हॉल. त्याहूनही आधी? घरं. सीरियात दुरा-युरोपोसला तिसऱ्या शतकातलं असं एक घर सापडलंय. आणि गोल आकार म्हणाल तर जेरुसलेममध्ये येशूच्या कबरीभोवती चौथ्या शतकातच गोल इमारत उभी राहिली होती. ती मिस्साच्या सभागृहासाठी नव्हती हे खरं, पण तंबूवाल्यांनी आकार कुठून अंतराळातून आणलेला नाही.

दर वेळी इमारत उसनी होती. टिकून राहिलं ते एकत्र जमणं, वाचन आणि भाकर-द्राक्षरस वाटून घेणं. चर्चसाठीचा मूळ ग्रीक शब्द 'एक्लेसिया'. त्याचा अर्थ सभा, इमारत नव्हे. आपण देवळात दर्शनाला एकटे गेलो तरी चालतं. इथे जमाव हाच मुद्दा आहे. म्हणून 'हे आधुनिक दिसतं, सबब परंपरेविरुद्ध' हा युक्तिवाद मला पटत नाही. इमारतीला विचारायचा प्रश्न सोपा आहे : जमलेल्या लोकांना तू जवळ आणतेस की लांब ठेवतेस?

अर्थात या गोलाचीही किंमत आहे. वेदी मधे आणली की उभ्या माणसाची कुणाकडे तरी पाठ होणारच. भूमितीला इलाज नाही. लांबच लांब चर्चमध्ये पुढेपुढे चालत जाण्यात जी ओढ असते, ती इथे नाही. शिवाय घाईत आणि स्वस्तात केलेल्या कामाने नंतर वसुली केलीच. छप्पर गळायला लागलं, काँक्रीटवरच्या टाइल्स सुटायला लागल्या, प्रकरण कोर्टात गेलं. गावकऱ्यांनी तर केव्हाच 'पॅडीज विगवॅम' असं नाव ठेवलं होतं. पॅडी म्हणजे आयरिश कॅथलिक, विगवॅम म्हणजे रेड इंडियनांची झोपडी. टिंगलच ती, पण आता लिव्हरपूलकर ते प्रेमाने म्हणतात.

आणि ज्यांना एकटं बसायचंय त्यांच्यासाठी कडेने छोटी छोटी चॅपल्स आहेत. मिस्सा संपल्यावर एका चॅपलमध्ये एक म्हातारी बाई माळ ओढत बसली होती. मित्राने तिच्याकडे नुसतं बोट दाखवलं. आजीची सोय गिबर्डनेही ठेवली होती म्हणायची.