मोबाईलचा विमा : कोणी घ्यावा, कोणी घेऊ नये?

नवा मोबाईल घेताना पैसे मोजून झाले की दुकानदार हळूच एक प्रश्न टाकतो, "मॅडम, सर, विमा करू का? बाराशेच रुपये आहेत." हातात कोरा करकरीत फोन असतो, तो पडला तर काय, ही धास्ती मनात असते. त्या घाईत बहुतेकजण मान हलवतात. आम्ही दोघेही शाळेत शिकवतो. शिक्षकांच्या खोलीत, नातेवाइकांत, पालकसभेनंतरच्या गप्पांत हा प्रश्न आम्हाला इतक्यांदा विचारला गेला की एकदा कागद-पेन घेऊन बसलो.

आमच्या घरात चार फोन आहेत. गेल्या चार वर्षांत दोन स्क्रीन फुटल्या आणि एक बॅटरी बदलावी लागली. सगळा खर्च आठ हजार शंभर रुपये झाला. चारही फोनांचा दरवर्षी बाराशे रुपयांप्रमाणे विमा उतरवला असता, तर 19,200 रुपये भरावे लागले असते. शिवाय दावा मंजूर झाला तरी ठरावीक रक्कम आपल्यालाच द्यावी लागते, ती वेगळी. अर्थात एखाद्या घरात याच्या अगदी उलटही घडेल. पण एक गोष्ट सरळ आहे. विमा कंपनीला दावे, दुकानदाराचे कमिशन आणि कार्यालयाचा खर्च भागवून नफा कमवायचा असतो. त्यामुळे सर्व ग्राहक मिळून जेवढे भरतात, त्याहून कमीच त्यांना परत मिळते.

मग विमा निरुपयोगी आहे का? तसे नाही. आमच्या नात्यातल्या एक आपा आहेत. शौहरच्या इंतकालानंतर शिवणकामावर घर चालवतात. ब्लाउजची मापे, ऑर्डरी, गिऱ्हाइकांचे पैसे, सगळे त्या एका फोनवर. फोन 22,000 रुपयांचा, तोही हप्त्यांवर. तो पाण्याच्या बादलीत पडला. विमा होता म्हणून बराचसा खर्च निघाला. नाहीतर बंद फोनचे हप्ते भरत दुसऱ्या फोनसाठी कर्ज काढावे लागले असते. त्यांचे बाराशे रुपये सार्थकी लागले. मात्र दुरुस्तीला अठरा दिवस गेले आणि तेवढे दिवस त्यांनी भाचीचा जुना फोन वापरला. विमा पैसे देतो, मधले दिवस भरून देत नाही. म्हणून घरात एक जुना चालू फोन ठेवावाच.

दुसरा अनुभव आमच्या एका सहकाऱ्यांचा. त्यांच्या मुलाचा फोन रेल्वेत झोपेत चोरीला गेला. पोलिसांत तक्रार झाली, कागद जोडले, तरी दावा नाकारला गेला. बळजबरी किंवा कुलूप तोडून झालेल्या चोरीचीच भरपाई मिळेल, असे पॉलिसीत बारीक अक्षरांत छापलेले होते. बऱ्याच पॉलिसींत फोन कुठेतरी विसरणे, बेवारस ठेवणे, झीज, ओरखडे आणि अनधिकृत दुकानातली दुरुस्ती यांचे पैसे मिळत नाहीत. कळवायची मुदतही काही तासांची किंवा एक-दोन दिवसांचीच असते.

आणखी एक गफलत टाळावी. वॉरंटी म्हणजे कारखान्यातल्या दोषाची हमी, फोन पडून फुटला तर ती कामाची नाही. दुकानातले 'प्रोटेक्शन प्लॅन' अनेकदा नुसता दुरुस्तीचा करार असतो. विमा असेल तर कागदावर विमा कंपनीचे नाव आणि पॉलिसी क्रमांक हवा. विमा कंपनीने तक्रारीला तीस दिवसांत उत्तर दिले नाही किंवा उत्तराने समाधान झाले नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येते. तिथे फी लागत नाही. नुसत्या दुरुस्तीच्या कराराची तक्रार तिथे चालत नाही. त्यासाठी 1915 ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे.

विमा जायज आहे का, हेही आम्हाला विचारले जाते. जेद्दाहच्या आंतरराष्ट्रीय इस्लामी फिक्ह अकादमीने 1985 साली ठरलेल्या हप्त्याचा व्यापारी विमा नाजायज आणि परस्पर मदतीवर उभा असलेला सहकारी विमा जायज ठरवला. आपल्या मुल्कातली परिस्थिती पाहून जरूरतीपोटी गुंजाइश देणारे उलेमाही आहेत. मसला आपापल्या भरवशाच्या आलिमांना विचारावा. फतवा देणे आमचे काम नाही. पण आमचा हिशोबही अखेर जरूरतीपाशीच येऊन थांबतो. जे नुकसान खिशातून सोसता येते, त्यासाठी दुसऱ्याला हप्ता देण्याची जरूरत नाही. ज्या नुकसानीने घराची रोजी थांबते, त्याचा विचार वेगळा.

आम्ही चिपळूणकर हे चांगले जाणतो. 22 जुलै 2021 ला वाशिष्ठीचे पाणी बाजारपेठेत शिरले, तेव्हा दुकानेच्या दुकाने चिखलात गेली. फोनच्या काचेची चिंता करणाऱ्या आपण सर्वांनी दुकानाचा माल, शिलाई मशीन, घराचे छप्पर यांचा विचार आधी करायला हवा.

आमच्या घरी आता कोणत्याच फोनचा विमा नाही. दरमहा दोनशे रुपये एका वेगळ्या डब्यात पडतात. फोन बिघडला तर त्यातून खर्च होतो, नाही बिघडला तर पैसे आपलेच राहतात. चांगले कव्हर, काचेवर काच, फोटो आणि नंबरांची दुसरी प्रत, एवढी तदबीर केली की अर्धी काळजी मिटते. *#06# दाबले की पंधरा अंकी आयएमईआय क्रमांक दिसतो, तो वहीत लिहून ठेवावा. फोन हरवला तर पोलीस तक्रारीची प्रत जोडून सरकारच्या 'संचार साथी' पोर्टलवर तो बंद करता येतो. यासाठी एक पैसाही लागत नाही.

तेव्हा दुकानदाराने विचारले की स्वतःला एवढेच विचारावे : हा फोन उद्या गेला, तर आपल्या घरी गैरसोय होईल, की चूल थांबेल? गैरसोय होणार असेल तर डबा पुरे. चूल थांबणार असेल, तर घाई न करता तो कागद आधी शेवटच्या ओळीपर्यंत वाचावा आणि मगच सही करावी.