वाटेलगतची जागा

भूमध्य समुद्रातील जहाजसफर ठरली, तेव्हा चर्चा बंदरांची होईल असे आम्हां दोघांना वाटले होते. प्रत्यक्षात शिरोळच्या आमच्या सोप्यात दोन आठवडे चर्चा झाली ती विमानातल्या खुर्च्यांची. जहाज बार्सिलोनाहून सुटणार. म्हणजे मुंबईहून आखातापर्यंत सुमारे तीन तास, तिथून पुढे सात. मध्ये दीडच तास थांबणारे तिकीट स्वस्त होते. परंतु पहिल्या विमानाला उशीर झाला तर दुसरे चुकणार, आणि जहाज म्हणजे काही हात दाखवताच थांबणारी एसटी नव्हे. म्हणून चार तासांचा थांबा पत्करला, पोहोचायचेही आदल्या दिवशी ठरविले.

खुर्च्यांचे मात्र जुळेना. एकाला खिडकी हवी, दुसऱ्याला वाटेलगतची जागा. पंखाजवळ हादरे कमी जाणवतात, अधूनमधून उठून चालल्यास पायांत रक्त साकळण्याचा धोका घटतो, हे सारे आम्ही वर्गात सांगावे तसे एकमेकांना सांगितले. खरे कारण दोघांनाही ठाऊक होते. २०१९च्या ऑगस्टमधील महापुरात आम्ही होडीतून बाहेर पडलो, तेव्हा मधोमध दाटीत बसलेल्या एकाला हलताही आले नव्हते. तेव्हापासून नाट्यगृहातही कडेचीच खुर्ची लागते.

अखेर खिडकीचा हट्ट सुटला. वाटेच्या अल्याड एक, पल्याड एक अशा जागा घेतल्या. मधून जेवणाची ढकलगाडी जाईल, एवढेच. जहाजावरची खोली निवडणे अजून बाकी आहे. समुद्र दिसणारी घ्यायची की आतली, हा विषय तूर्त कोणी काढत नाही.